नामहाक

डॉ. रेश्मा खोराटे हिने आपल्या वडिलांचा शिल्लक आवाज मोजला, तेव्हा तो एकूण अकरा सेकंद भरला. त्यातले सात सेकंद खोकल्याचे होते. उरलेल्या चारांत "हां", "बरं हाय" आणि "आईकडं देतो" एवढाच ऐवज होता. वीस वर्षांचे फोन, दोन लग्नांच्या चित्रफिती आणि एका ग्रामसभेची नोंद, एवढं सगळं ध्वनिचाळणीतून गाळल्यावर हाती लागलेला हा साठा. पुण्याच्या त्या प्रयोगशाळेत रेश्माने आजवर चारशे माणसांना त्यांचा गेलेला आवाज परत मिळवून दिला होता. चारशे एकावा माणूस तिचा बाप होता आणि त्याच्यासाठी तिच्याजवळ चार सेकंद होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

जूनमध्ये आप्पांच्या घशातली गाठ काढताना स्वरयंत्रही काढावं लागलं होतं. जीव वाचला, बोलणं गेलं. अशा माणसांसाठी रेश्माच्या संस्थेने 'स्वरधारक' तयार केला होता. गळ्यावर चिकटवायची ही बोटभर पट्टी. माणूस बोलायला गेला की घशाकडे जाणाऱ्या नसांतून संदेश धावतात. पट्टी ते पकडते आणि त्यांचा आवाज करते. पण कुणाच्या आवाजात बोलायचं, ते तिला आधी सांगावं लागतं. त्यासाठी त्या माणसाच्या जुन्या बोलण्यावरून आवाजाचा साचा काढतात.

साचा नसेल त्याला संस्थेचा तयार साचा मिळे. जुलैत रेश्माने तो आप्पांना लावून पाहिला होता. आप्पा म्हणाले, "पानी दे." आवाज भरदार आला, बातम्या देणाऱ्या माणसाचा यावा तसा. आप्पांनी दचकून मागे पाहिलं, घरात कोण आलंय ते बघायला. मग पट्टी सोलून काढली, भाताच्या कणगीत खोल खुपसली आणि वर झाकण ठेवलं. त्या दिवसापासून ते हातवाऱ्यांवर आणि शाळेच्या एका पाटीवर निभावून नेत होते.

निभावून नेण्याला मुदत होती. सहा महिने घशाच्या नसांना काम मिळालं नाही, तर त्या शब्दांची हालचाल विसरतात. मग साचा सापडून उपयोग नाही. ऑक्टोबर उजाडला होता. बाप आयुष्यात फार बोलला नव्हता हे खरं, पण न बोलणारा माणूस आणि बोलू न शकणारा माणूस यांत फरक असतो, आणि तो फरक रेश्माला झोपू देत नव्हता.

"चार सेकंदांत साचा होत नाही का?" डॉ. अच्युत हेरवाडकरांनी विचारलं. ते समोरच्या खोलीत बसत आणि रानातल्या पोपटांच्या भाषेवर काम करत. साठीला टेकलेला, चहाच्या वेळी बरोबर हजर होणारा माणूस.

"नाही होत, सर. मला चार वेगवेगळे स्वर हवेत, मोकळ्या गळ्यातून काढलेले. चार खांब मिळाले की बाकीचं घर गणिताने उभं करता येतं. आप्पा फोनवर तोंडातल्या तोंडात बोलायचे. मोकळ्या गळ्याने ते फक्त पोपटांशी बोलले."

"पोपटांशी?"

"राखण करायचे ना. घनसाळ भात दाणा भरायला लागलं की पहाडी पोपटांचे थवे उतरतात. आप्पा शेतातल्या माळ्यावर उभे राहून दिवसभर ओरडणार, हाऽऽहोऽऽ. तीस वर्षं. आता तर ते पोपटच आप्पांसारखे ओरडतात. आप्पा बांधावर दिसले की सुरू. सगळं गाव हसतं."

हेरवाडकरांनी कप खाली ठेवला. "फक्त आप्पा दिसल्यावरच?"

"हो. का?"

"का म्हणजे? बाई, गावासारखी तूही हसत बसलीस. रानातल्या पोपटाची नक्कल टवाळी नसते. पिल्लू ढोलीत असतानाच त्याचे आईबाप त्याला एक हाक ठरवून देतात. मी तिला नामहाक म्हणतो. कुणाला बोलवायचं असलं की थव्यातला पक्षी त्याची नामहाक नकलतो, आणि तो तीच हाक परत करून ओ देतो. नक्कल करणं म्हणजेच नाव घेणं. तुझ्या आप्पांना त्यांनी नाव दिलंय. जन्मभर ज्याने गोफणीने दगड मारले, त्याला. मोठ्या मनाची जात आहे."

"ती किती दिवसांत शिकतात?"

"थव्याच्या कानावर एक हाक दोन हजार वेळा तरी पडावी लागते, आणि ज्याची ती हाक, तो त्या वेळी डोळ्यांसमोर असावा लागतो. तोंड नाही ते बघत. कपडे आणि चाल बघतात. एकदा पक्की झाली की मग चाळीस वर्षं विसरत नाहीत. मेल्यावरसुद्धा पुढची पिढी चालवते."

रेश्मा उठून उभी राहिली. "म्हणजे आप्पांचा आवाज त्यांच्या गळ्यात आहे."

"चोथा आहे. पोपटाला ओठ नाहीत. त्याच्या तोंडून जे निघतं त्यात माणसाचा आवाज ओळखायचा म्हणजे…"

"एका पोपटाच्या तोंडून नाही ओळखता येणार. पण साठ असले तर? एखाद्या जुन्या पोथीच्या साठ नकला सापडल्या की पंडित काय करतात, सर? प्रत्येक नकलणारा चुकतो, पण प्रत्येक जण वेगळीकडे चुकतो. साठही जणांत जे सारखं, ते मूळ. पोपटाच्या गळ्याचा सामाईक दोष तेवढा आधी वजा करायचा, आणि तो तुमच्याकडे मोजलेला आहेच."

हेरवाडकरांनी कप पुन्हा उचलला. "दसऱ्याला जोडून रजा टाक," ते म्हणाले. "मीही टाकतो. घनसाळ भात मी फक्त ऐकून आहे."

आजऱ्यापलीकडे घाटाच्या तोंडाशी रेश्माचं गाव. नाल्याकडच्या रानात चार वाशांवर राखणीचा माळा होता आणि बांधाच्या टोकाला किंजळीचं जुनं झाड, ज्याच्या ढोल्यांत पोपटांच्या कितीतरी पिढ्या निघाल्या होत्या. किंजळीभोवती सोळा कान बसवून झाले. एकेका पक्ष्याचा आवाज वेगळा टिपणाऱ्या त्या यंत्रांना रेश्माने कानच म्हटलं होतं.

सकाळी चाचणी म्हणून ती स्वतः बांधावरून चालत गेली. वर सत्तरएक पोपट होते. त्यांनी तिच्याकडे माना वाकड्या करून पाहिलं आणि पुन्हा पिसं साफ करायला लागले. मग पाठीमागून आप्पा आले, खांद्यावर गोफण, काखेत पाटी. अख्खं झाड एकदम बोलू लागलं. आऽऽओऽऽ, आऽऽओऽऽ, कर्कश आणि हुबेहूब एका तालात. आप्पा मान खाली घालून माळ्यावर चढले.

"मला बघून गप्प कसे?" रेश्माने विचारलं.

"तुला त्यांच्यात नाव नाही," हेरवाडकर कानाची कळ फिरवत म्हणाले. "इथे तुला कधी कुणी हाक मारलेली नाही."

ते खरंच होतं. दहाव्या वर्षी ती शिकायला आजऱ्याच्या वसतिगृहात गेली, तिथून कोल्हापूर, तिथून पुणे. शेतात तिचं काय काम? तिने "हं" म्हटलं आणि वायर गुंडाळायला घेतली, जी गुंडाळायची गरज नव्हती.

दुपारी हेरवाडकरांनी माळ्यावर बसून आप्पांना नामहाकेचं सगळं शास्त्र समजावून सांगितलं. आप्पा चौथी पास. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं, आणि दोन हजार हा आकडा आला तेव्हा तो पाटीवर लिहून घेतला. बराच वेळ त्यांनी तो पुसला नाही. मग रेश्माला ते खुणेने म्हणाले, तुमचं तुम्ही करा, मला राखण आहे.

पुण्याला परतल्यावर मूळ आवाज शोधायला यंत्राला महिना लागला. त्रेसष्ट पक्षी, चार हजारांवर हाका. शेवटी दोघं प्रयोगशाळेत बसले आणि रेश्माने कळ दाबली.

"आवोऽऽ… या जेवाऽऽय."

आवाज बाईचा होता.

हेरवाडकर म्हणाले, "काहीतरी चुकलंय. पोपटाचा दोष वजा करताना स्वर वर सरकला असेल." रेश्माने पुन्हा ऐकलं, मग तिसऱ्यांदा. या आवाजाचे चाळीस तास तिच्या फोनमध्ये जपलेले होते. जुळवून बघायची गरज नव्हती.

"आई आहे ही," ती म्हणाली. "माझी आई. तीन वर्षांपूर्वी गेली."

हेरवाडकरांनी चष्मा काढला. काही क्षणांनी ते स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेत म्हणाले, "मी गाढव आहे. माझंच शास्त्र मला कळलं नाही. अगं, स्वतःचं नाव कुणी स्वतः ठेवतं का? जवळचे ठेवतात. आप्पांनी हाऽऽहोऽऽ करून काय ओरडावं याच्याशी थव्याला देणंघेणं नाही. आप्पांचं नाव काय, तर आप्पांना त्यांचं माणूस जी हाक मारतं ती. तुझी आई काय म्हणायची त्यांना?"

"आवो. नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं ना. रोज दुपारी बांधाच्या टोकाला उभी राहून आवोऽऽ म्हणायची, भाकरी घेऊन." रेश्मा थांबली. तिला दुसरंच काही आठवलं होतं. "सर, आप्पा वर्षभर राखणीला जातात. भात कापून झाल्यावरसुद्धा. उन्हाळ्यात रानात काडी नसते तेव्हासुद्धा. गाव म्हणतं, बायको गेली आणि जानबा खोराटेचं डोकं फिरलं. मीही रागावले होते त्यांना, की उन्हात मोकळं रान कसलं राखता म्हणून."

तीन वर्षं हा माणूस रोज सकाळी उठून बायकोची हाक ऐकायला जात होता, आणि त्याला त्यासाठी कुठलंही यंत्र लागलं नव्हतं.

तोट्याची बाजू उघड होती. मुदतीचे तीन आठवडे उरले होते आणि हाती आला तो आवाज भलत्याचाच. पण नियम तोच असेल तर तो उलट्या बाजूनेही लागू व्हायला हवा होता. आप्पांची हाक आईच्या आवाजात असेल, तर आईची हाक आप्पांच्या आवाजात असणार. फक्त ती ऐकायला थव्याला आई दिसावी लागणार होती.

"कपडे आणि चाल," रेश्मा म्हणाली.

"तू उंचीने कशी आहेस आईच्या मानाने?" हेरवाडकरांनी विचारलं.

नोव्हेंबरच्या शेवटी ती एकटीच गावी गेली. भात कापून झालं होतं. तिने आप्पांना आईची हाक ऐकवली नाही. त्यांना ती ठाऊक होती. तिने नुसतं सांगितलं, की मला सगळं कळलंय, आणि आता मला काय करायचंय. आप्पांनी जोरात मान हलवली. पाटीवर लिहिलं, 'नको'. त्यांचे कान लाल झाले होते. रेश्माला वाटलं, म्हाताऱ्याचा हट्ट.

"आप्पा, तुम्ही तीन वर्षं आईला ऐकलंत. मला तुम्हाला ऐकायचंय. मी काय जास्त मागते?"

आप्पा उठले, ट्रंक उघडली आणि तिच्या पुढ्यात हिरवं, काठाला विरलेलं लुगडं ठेवलं. रेश्माने अंगातलं संस्थेचं निळं जाकीट काढून खुंटीला अडकवलं आणि लुगडं नेसायला घेतलं.

चाल शिकवायला मात्र आप्पा स्वतः अंगणात उतरले. आई डावा पाय किंचित ओढत चालायची, हे रेश्माला माहीत होतं. ती तशी चालली. आप्पांनी हाताने 'छे' केलं. डोक्यावरची भाकरीची टोपली आई एका हाताने धरायची, दुसरा हात मोकळा सोडायची. छे, एवढा नाही हलवायचा. मान ताठ. वळताना आधी खांदा. चौदाव्या फेरीला आप्पा ओट्यावर बसले आणि त्यांनी डोळ्यांना पंचा लावला. रेश्माने ओळखलं, जमलं.

दुसऱ्या दिवशी किंजळीभोवती पुन्हा कान बसवून झाले आणि आप्पा माळ्यामागे लपून बसले. दुपारी बाराला डोक्यावर भाकरीची टोपली घेऊन ती बांधावर आली. किंजळीवर शांतता होती. ती डावा पाय ओढत निम्म्या बांधापर्यंत गेली. वर एका जुनाट पक्षिणीने मान वाकडी केली, पुढे सरकली आणि काहीतरी ओरडली. मग दुसरा, मग चार, मग सगळं झाड. ही हाक निराळी होती, रेश्माने कधी न ऐकलेली. तिला शब्द कळले नाहीत, पण त्यातली घाई कळली. तीन वर्षांनी दिसलेल्या माणसाला ते बोलावत होते. टोपली डोक्यावर धरून ती तशीच उभी राहिली. कानांना पुरेसा आवाज टिपू दे म्हणून, आणि तिच्याने हलवेना म्हणूनही.

यंत्राने या वेळी घरातल्या ओट्यावरच, चार दिवसांत, निकाल दिला. पुरुषाचा, रांगडा, हसण्याच्या बेतात असलेला मोकळा आवाज.

"ए हौसेऽऽ, आलीस व्हयऽऽ."

चारही स्वर त्यात होते. साचा होणार होता. पण रेश्माने आधी विचारलं, "आप्पा, हौसा कोण?" आईचं नाव सुनंदा होतं. रेशनकार्डावर, दाखल्यावर, स्मशानातल्या नोंदीत, सगळीकडे सुनंदा.

आप्पांनी पाटी ओढली, सावकाश लिहिलं आणि तोंड फिरवून तिच्याकडे सरकवली. 'तुझी आई. माहेरचं नाव. लग्नात बदललं. घरात घ्यायचं नाही अशी ताकीद होती. म्हणून रानात.'

रेश्माने ते दोनदा वाचलं. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तिने ते येऊ दिलं.

बारा डिसेंबरला आप्पांच्या गळ्यावर पट्टी बसली. मुदतीला आठ दिवस होते. रेश्मा समोर बसली होती. आप्पांनी घसा खाकरल्यासारखं केलं, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बरं हाय."

या वेळी त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

आवाज परत आला म्हणून माणूस बदलत नाही. रेश्मा पुण्याहून दर रविवारी फोन करी आणि आप्पा स्वतःच्या आवाजात "हां" म्हणत, "बरं हाय" म्हणत. फोन द्यायला आता आई नव्हती, म्हणून मग नुसताच ठेवून देत. स्वतःहून त्यांनी एकदाही केला नाही. तिला थोडं लागलं. एवढा आटापिटा करून आणलेला आवाज, आणि माणूस तो जपून ठेवतोय. "बोलतात तरी का कुणाशी?" तिने हेरवाडकरांना विचारलं, आणि त्यांना तरी काय ठाऊक असणार होतं.

आठ महिन्यांनी ती गणपतीला गावी गेली. एसटीच्या थांब्यावर भेटलेल्या शेजाऱ्याने हसत सांगितलं, जानबा औंदाबी येडाच हाय, अजून दाना धरला न्हाई तवर बुजगावणं उभं केलंय. घराला कुलूप होतं. गार वारा सुटला होता म्हणून तिने बॅगेतलं निळं जाकीट काढून घातलं. पहिलं कुठेतरी हरवलं म्हणून संस्थेकडून घेतलेलं हे दुसरं. मग ती थेट नाल्याकडच्या रानात निघाली.

बांधाच्या टोकाला बुजगावणं होतं. काठ्या सायकलच्या जुन्या चाकावर बांधल्या होत्या, आणि ओल्या बांधावर या टोकापासून त्या टोकापर्यंत चाकाची खोल चाकोरी पडली होती. कुणीतरी ते रोज, पुन्हा पुन्हा, माणूस चालावा तसं या वाटेने फिरवलं होतं. बुजगावण्याच्या अंगात तिचं हरवलेलं निळं जाकीट होतं.

ती थांबली. भात अजून हिरवं होतं. पोपटांना हुसकवायचं काही कारणच नव्हतं. दोन हजार वेळा, हेरवाडकर म्हणाले होते, आणि माणूस डोळ्यांसमोर हवा. आठ महिने, दिवसाला आठ-नऊ. तिचा हिशोब पुरा व्हायच्या आत वर किंजळीवर एक मान वाकडी झाली.

"रेशमेऽऽ, आलीस व्हयऽऽ."

मग सगळं झाड बोलू लागलं. चोथा होता, ओठ नसलेल्या तोंडांतून आलेला, पण या वेळी तिला यंत्र लागलं नाही.

माळ्यावर आप्पा उभे होते. तिची वाट बघत, पण तसं न दाखवता, गोफणीची दोरी नीट करत. त्यांनी मान वर केली नाही.

"ऐकलंस न्हवं?" ते म्हणाले. "मग ओ दे की."

रेश्माने बॅग बांधावर ठेवली आणि मोकळ्या गळ्याने ओ दिली.